'मास्टर किल्टमेकर' हे पद कोण देतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंबिवलीत 11 वर्षं ब्लाउज आणि पंजाबी ड्रेस शिवले, आता ग्लासगोत स्थायिक झालात, किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा निऱ्यांचा पोशाख, शिवायचा 5 दिवसांचा वर्ग केलात, प्रमाणपत्र मिळालं आणि त्यानंतर घरी 3 किल्ट पूर्ण केलेत. आता कार्ड छापायचं आहे. त्यावर 'मास्टर किल्टमेकर' लिहिलं तर चालेल का? चालत नसेल तर कोणती परीक्षा द्यावी लागेल? आणि नुसतं 'किल्टमेकर' लिहायला तरी कोणाची परवानगी लागते का?

कायद्यापुरतं उत्तर दोन ओळींत संपतं. 'किल्टमेकर' लिहायला कोणाचीही परवानगी लागत नाही, आणि 'मास्टर' लिहिलंत तरी कोणी नोटीस पाठवणार नाही. ब्रिटनमध्ये 'आर्किटेक्ट' हा शब्द 1997 च्या कायद्याने राखीव आहे, नोंदणी नसताना तो लावून धंदा केला तर दंड होतो. किल्टमेकरसाठी असा कायदा नाही, नोंदणीवही नाही, एकच सर्वमान्य परीक्षाही नाही.

तरीही 'मास्टर' हा शब्द आत्ता छापू नका, असं मी तुम्हाला मनापासून सांगते. मी 22 वर्षं स्कॉटलंडमध्ये किल्ट शिवते आहे, त्यातली पहिली 4 दुसऱ्या बाईंच्या हाताखाली गेली, आणि आजही माझ्या कार्डावर तो शब्द नाही.

आधी एक विसंगती सांगते, कारण बरेचसे गैरसमज तिच्यातूनच होतात. किल्टच्या आसपासच्या गोष्टींना स्कॉटलंडमध्ये कायदा आहे. टार्टनच्या, म्हणजे किल्टच्या रंगीत चौकड्यांच्या कापडाच्या, नमुन्यांसाठी 2008 साली स्कॉटिश संसदेने कायदा केला आणि फेब्रुवारी 2009 मध्ये 'स्कॉटिश रजिस्टर ऑफ टार्टन्स' सुरू झालं. कुठल्या रंगाचे किती धागे कोणत्या क्रमाने येतात, हे तिथे नोंदवलेलं असतं. किल्टवरच्या जॅकेटला अनेकदा जे हॅरिस ट्वीड हे लोकरी कापड वापरतात, त्याची तर 1993 च्या कायद्यात व्याख्याच आहे: आउटर हेब्रिडीज बेटांवर, तिथल्या विणकरांनी आपल्या घरी हातमागावर विणलेलं असेल तरच ते हॅरिस ट्वीड. म्हणजे नमुन्याची नोंद होते, ट्वीडच्या विणकराचं घर कुठे आहे हेसुद्धा कायदा बघतो; पण त्या टार्टनच्या 8 वार कापडाच्या निऱ्या कोणी घातल्या आणि कशा घातल्या, याकडे बघणारं कोणी नाही. ग्राहकाला हे माहीत नसतं. त्याला वाटतं, एवढ्या नावाजलेल्या वस्तूच्या मागे कुठेतरी शिक्का असणारच.

आता 'मास्टर' या शब्दाकडे येते. आपल्याकडे शिंप्याला मास्टर म्हणायची पद्धतच आहे. "मास्टर, बाही थोडी सैल ठेवा," असं आपण सहज म्हणतो, आणि मोठ्या दुकानात कापड बेतणारा तो कटिंग मास्टर. त्यामुळे तुमच्या मनात तो शब्द आला यात नवल नाही. स्कॉटलंडमध्ये मात्र त्याला वेगळा इतिहास आहे. तुम्ही ग्लासगोतच राहता तर ग्लासफर्ड स्ट्रीटवरचा ट्रेड्स हॉल एकदा बघून या. रॉबर्ट अॅडमने आराखडा केलेली ही इमारत 1794 मध्ये खुली झाली, आणि तिथे शहरातल्या 14 व्यवसाय-संघांचं मुख्यालय आहे. त्यातला एक शिंप्यांचा. या संघांच्या काळात शहरात शिवणकामाचा स्वतंत्र धंदा करायचा तर आधी ठरलेली वर्षं शिकाऊ म्हणून काढायची, मग पगारी कारागीर व्हायचं, आणि शेवटी संघातल्या जाणत्यांपुढे परीक्षेचा नग शिवून दाखवायचा. तो पसंत पडला तरच मास्टर. संघाबाहेरच्या माणसाला शहरात धंद्याची मुभा नव्हती. 1846 मध्ये संसदेने हे एकाधिकार काढून घेतले. संघ टिकले, धर्मादाय कामं करतात. पण 'मास्टर' या शब्दामागचं कायद्याचं बळ त्या वर्षी संपलं.

आणि शिवलेला किल्ट हा तसा उशिराचा. त्याआधीचा फेलियाह मोर, म्हणजे मोठा प्लेड, हे न शिवलेलं लांब कापड होतं. रोज नेसताना हाताने चुण्या घालायच्या, वरून पट्टा बांधायचा. नऊवारी नेसणाऱ्या बाईला हे दोन वाक्यांत समजेल. कापड तेच राहतं, निऱ्या रोज नव्या. या चुण्या कायमच्या शिवून टाकायची पद्धत रुळली ती अठराव्या शतकाच्या अखेरीस, आणि तिथून हे शिंप्याचं काम झालं. सुरुवातीचे शिवलेले किल्ट साधारण 4 वारांचे, रुंद बॉक्स निऱ्यांचे असत. एका बाजूला वळणाऱ्या सुरीच्या पात्यासारख्या निऱ्या गॉर्डन हायलँडर्स पलटणीने 1853 मध्ये घेतल्या आणि पुढे त्याच सगळीकडे पसरल्या. म्हणजे आज आपण ज्याला परंपरागत किल्ट म्हणतो, तो ऐन भरात येईपर्यंत संघांची परीक्षा बंद झालेली होती. किल्टमेकरची अशी परीक्षा पुढे कधी उभीच राहिली नाही.

पलटणींमध्ये 'मास्टर टेलर' असायचा, तो हुद्दा होता. पलटणीच्या कपड्यांची जबाबदारी ज्याच्यावर, तो. जर्मनीत 'माइस्टर' ही परीक्षा देऊन मिळणारी आणि कायद्याने जपलेली पदवी आहे. इंग्रजीत दोन्हींसाठी एकच 'मास्टर' वापरतात, त्यामुळे युरोपातून आलेल्या ग्राहकाला 'मास्टर किल्टमेकर' वाचल्यावर परीक्षा पास झालेला माणूसच डोळ्यांपुढे येतो. मला हा शब्द नको वाटतो याचं पहिलं कारण हे. वाचणाऱ्याला त्यातून जे कळतं, ते खरं नसतं.

'किल्टमेकर' या शब्दाचंही एक वळण समजून घ्या. एडिनबरातल्या रॉयल माइलवर दुकानांच्या पाट्यांवर तो दिसतो, पण आत काउंटरवर माप घेणारा माणूस बहुधा किल्ट शिवत नाही. शिवणारी बाई कुठेतरी फाइफमध्ये किंवा बॉर्डर्समध्ये आपल्या घरी बसलेली असते, दुकानाकडून कापड आणि मापांचा कागद येतो, नगावर पैसे मिळतात. या धंद्यात हात चालवणाऱ्या बहुतेक बायाच, आणि त्यांचं नाव किल्टच्या लेबलवर नसतं. ज्यांच्याकडे मी शिकले त्या बाईंनी आयुष्यभर किल्ट शिवले, पण कोणी विचारलं तर "आय सो किल्ट्स", मी किल्ट शिवते, एवढंच सांगायच्या. किल्टमेकर हा शब्द त्यांना दुकानाचा वाटायचा. राजघराण्याच्या वॉरंटचंही, म्हणजे राजघराण्याला माल पुरवणाऱ्या पेढीला मिळणाऱ्या मानपत्राचंही, असंच आहे. 1868 पासून चालत आलेल्या किनलॉक अँडरसनसारख्या घराण्याला 'टेलर्स अँड किल्टमेकर्स' म्हणून वॉरंट मिळालेली आहेत. तो त्या पेढीचा मोठा मान आहे, पण कुठल्या एका कारागिराच्या शिक्षणाचा तो दाखला नव्हे.

मग दर्जा ठरतो कुठे? किल्टच्या आत. इथे मी जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्या 3 किल्टांबद्दल मला काही सांगता येईल तर ते इथेच.

ब्लाउज आणि किल्ट यांत मूळ फरक असा की ब्लाउजला आकार कात्री देते, किल्टला हिशेब देतो. किल्टला कटोरी नाही, मुंढा नाही, बेतायचे तुकडे जवळजवळ नाहीतच. दुहेरी पन्ह्याचं 4 वार कापड लांबीत दोन भाग करून घ्यायचं, ते एकापुढे एक जोडून 8 वारांची पट्टी करायची, आणि तो जोड एका निरीच्या पोटात असा लपवायचा की टार्टनची रेघ तिथे तुटलेली कुणाला दिसू नये. खालची कड दुमडायची नाही. विणतानाच आलेली किनार हीच किल्टची खालची कड. त्यामुळे चूक झाली तर खालून अर्धा इंच कमी करू असं म्हणता येत नाही. उंची वरूनच बरोबर यायला हवी.

एक उदाहरण घेऊ. गिऱ्हाइकाची कंबर 34 इंच, सीट, म्हणजे नितंबांचा घेर, 42. अर्धं पुढे एप्रनला, म्हणजे पुढच्या सपाट, बिननिऱ्यांच्या भागाला, अर्धं मागे निऱ्यांना असं ढोबळ धरू. म्हणजे निऱ्यांचा भाग सीटवर 21 इंच, कमरेवर 17. टार्टनच्या चौकड्यांचा एक पूर्ण फेरा, ज्याला सेट म्हणतात, तो 8 इंचांचा आहे आणि निऱ्या 27 घ्यायच्या आहेत. प्रत्येक निरी एक सेट खाते, म्हणजे 216 इंच, बरोबर 6 वार. उरलेले 2 वार दोन एप्रन आणि त्यांच्या कडेच्या खोल घड्या यांत जातात. आता प्रत्येक निरी सीटवर साधारण पाऊण इंचाहून किंचित जास्त आणि कमरेवर 5 सूत (8 सूत म्हणजे 1 इंच) असायला हवी. या दोन मापांमधला उतार प्रत्येक निरीत सारखा यावा लागतो. एका निरीत पाव सूत, म्हणजे इंचाचा 32वा भाग, चुकलात आणि तीच चूक 27 वेळा झाली, तर कमरेला जवळजवळ 7 सुतांचा फरक पडतो. बक्कल एक भोक पुढेमागे करून तो झाकता येतो, आणि बरेच जण झाकतात. पण चूक सगळ्या निऱ्यांत सारखी नसली तर मागून बघताना रेघा डगमगतात, त्या कशानेही झाकत नाहीत.

निऱ्या घालायच्या दोन मुख्य रीती तुम्ही वर्गात बघितल्या असतील. सेटवर घातल्या तर मागून नमुना पुढच्यासारखाच अखंड दिसतो, निऱ्या आहेत हेच चटकन कळत नाही. पट्ट्यावर घातल्या तर प्रत्येक निरीच्या मधोमध तोच एक पट्टा येतो; ही पलटणींची रीत. नवशिक्यांना पट्ट्यावरची सोपी वाटते, कारण मोजायला खूण समोर असते. तपासणाऱ्याला मात्र तीच जास्त उपयोगी, कारण पट्टा निरीच्या मध्यावरून कुठे सरकला हे 6 फुटांवरून दिसतं. म्हणून मी शिकवताना पहिला किल्ट पट्ट्यावर घालायला लावते.

कमरेपासून सीटपर्यंतचा जो शिवलेला भाग, त्याला फेल म्हणतात. कमरेपासून खालपर्यंतच्या उंचीचा साधारण तिसरा हिस्सा फेलचा, बाकी दोन हिस्से मोकळ्या निऱ्या. किल्टची कंबर ते खालची कड 24 इंच असेल तर फेल 8 इंच, आणि कमरेच्या वर 2 इंच उभार. या 10 इंचांत 26 जोड, इंचाला 8 टाके धरले तरी 2,000 च्या वर टाके झाले, आणि सगळे वरच्या बाजूने घालायचे, तरी बाहेरून एकही दिसता कामा नये. टाका निरीच्या कडेचे दोनतीन धागेच उचलतो. आडव्या रेघा प्रत्येक जोडावर धाग्याला धागा जुळलेल्या हव्यात. ताणा नीट आला आणि बाणा अर्धा सूत वर गेला तर सगळी मेहनत वाया.

यानंतरचं काम अस्तराखाली जातं, म्हणून तिथेच लबाडी होते. निऱ्या शिवून झाल्या की फेलच्या आत कापडाचे थर इतके साठतात की कंबर जाड होते. म्हणून आतून जास्तीचं कापड कापून काढतात. पण त्याच कापडावर निऱ्यांचा भार पेललेला होता. तो भार आता कोणी धरायचा? त्यासाठी स्टीकिंग: निऱ्यांच्या पाठीमागून आडवी, मजबूत हातशिलाईची ओळ, जी सगळ्या निऱ्यांना आपसात आणि पुढे आतल्या कडक कॅनव्हासला बांधून ठेवते. स्टीकिंग नसलेला किल्ट दुकानात सुंदर दिसतो. वर्षभर नेसला की निऱ्या आतून खाली ओघळतात, खालची कड लाटेसारखी होते आणि निऱ्या मिटायच्या ऐवजी फाकतात. ग्राहक म्हणतो कापड खराब होतं. कापडाचा काही दोष नसतो.

माझ्या तिसऱ्या किल्टला बाईंनी अस्तर लावू दिलं नाही. टेबलावर उलटा पसरला, बोट स्टीकिंगखाली घातलं आणि हलकेच ओढलं. ओळ सैल होती. मग फेल सगळा उसवून परत घालायला सांगितला, 2 दिवसांचं काम. मी म्हटलं, बाहेरून तर नीट दिसतोय. त्या म्हणाल्या, बाहेरून नीट दिसणं ही सुरुवात आहे. त्या दिवशी मला राग आला होता. पुढे माझ्याकडे दुरुस्तीला दुसऱ्यांचे ओघळलेले किल्ट येऊ लागले, तेव्हा त्यांचं बोट आठवायचं.

अजून दोन जागा बघून घ्या. पहिली, डाव्या बाजूची चीर: आतल्या एप्रनचा पट्टा त्या चिरेतून बाहेर येऊन बक्कलला लागतो. तिचं काज हाताने, घट्ट केलेलं असावं आणि शक्यतो गडद पट्ट्यात लपलेलं. दुसरी, एप्रन: वरच्या आणि खालच्या एप्रनच्या मध्यावर टार्टनचा तोच पट्टा यायला हवा, म्हणजे नेसल्यावर एकावर एक बसतो. एप्रन कमरेपासून खाली किंचित रुंदावत जातो. हा विस्तार दिला नाही तर चालताना किंवा बसताना कड आत वळते.

आणि माप. इथे तुमचा शिवणाचा अनुभव उपयोगी पडेल, पण एका जागी तो फसवेलही. गिऱ्हाईक जीन्सचा नंबर सांगतं, आणि किल्टची कंबर जीन्सच्या कमरेच्या चांगलीच वर, बेंबीच्या आसपास असते. टेप स्वतः लावल्याशिवाय माप लिहू नका. उंचीसाठी जुनी पडताळणी अशी की माणूस गुडघ्यांवर ताठ बसला तर खालची कड जमिनीपासून साधारण इंचभर वर राहावी.

आता शिक्षणाचं. जुनी रीत म्हणजे दुकानाच्या कामाच्या खोलीत किंवा एखाद्या बाईच्या घरी वर्षानुवर्षं. सुरुवात बक्कल, पट्टे, अस्तर, कच्चा टाका यांनी. निऱ्या पुष्कळ उशिरा हातात यायच्या. स्कॉटलंडच्या मोरे भागातल्या कीथ गावी किल्ट शिकवणाऱ्या शाळेने हे शिक्षण वर्गात आणलं, तिथे शिकलेले लोक आज बऱ्याच ठिकाणी काम करताना भेटतात. एडिनबरातही शिकवणाऱ्या संस्था आहेत. स्कॉटलंडच्या पात्रता-चौकटीत 12 पायऱ्या आहेत, आणि धंदेशिक्षणाच्या एसव्हीक्यू पद्धतीत लेखी परीक्षेपेक्षा प्रत्यक्ष कामाचे पुरावे तपासतात, त्यामुळे अशा कौशल्याला ती पद्धत जास्त जुळते. एखाद्या संस्थेचं प्रमाणपत्र घ्यायचं ठरवलंत तर एकच गोष्ट विचारा: हे प्रमाणपत्र त्या चौकटीत कुठल्या पायरीवर बसतं, आणि पूर्ण झालेला किल्ट आतून कोण तपासतं? उत्तर नीट मिळालं तर त्या कागदाला वजन आहे. "तुम्ही वर्गाला हजर होता" एवढंच तो कागद सांगत असेल, तर तो हजेरीचा कागद आहे.

5 दिवसांच्या वर्गाला मी कमी लेखत नाही. हाताने शिवायची आधी सवय असलेल्या माणसाला 5 दिवसांत एका किल्टचा सगळा क्रम डोळ्यांखालून जातो, आणि तुम्हाला ती सवय 11 वर्षांची आहे. पण एका किल्टमध्ये एकच टार्टन, एकच शरीर भेटतं. सम नसलेला सेट अजून हाती आलेला नाही, ज्यात डावीउजवीकडे नमुना आरशासारखा उलटत नाही. मोठं पोट आणि सपाट सीट असलेला गिऱ्हाईक आलेला नाही, ज्याच्या निऱ्या कमरेकडे अरुंद व्हायच्या ऐवजी जवळपास सरळच ठेवाव्या लागतात. 11 औंसाचं हलकं कापड आणि 16 औंसाचं जड कापड यांना एकच इस्त्री चालत नाही, हे अजून हाताला कळलेलं नाही. मला आज एक किल्ट पूर्ण करायला 18 ते 20 तास लागतात. पहिल्याला 60 च्या वर लागले होते. निव्वळ वेग वाढणं महत्त्वाचं नाही. तो वाढतो तेव्हा हाताला कुठे थांबायचं हे कळायला लागलेलं असतं. माझ्या अंदाजाने पंचविसेक किल्ट, वेगवेगळ्या टार्टनचे, वेगवेगळ्या अंगांचे, आणि त्यातले पहिले सगळे जाणत्या माणसाने आतून बघितलेले, एवढं झालं की कोणी विचारल्यावर 'किल्टमेकर' म्हणायला जीभ अडखळू नये. हा आकडा कुठल्या नियमात लिहिलेला नाही, माझ्याकडे शिकून गेलेल्यांवरून सांगते आहे.

मला स्वतःला असं वाटतं की या धंद्याला एक सामायिक तपासणी हवीच आहे. ब्रिटनमधल्या हेरिटेज क्राफ्ट्स या संस्थेने किल्टमेकिंगला धोक्यात असलेल्या हस्तकलांच्या यादीत घातलं आहे. शिवणाऱ्या बाया म्हाताऱ्या होत आहेत, शिकाऊ ठेवण्याएवढे पैसे एका नगात सुटत नाहीत, आणि त्याच वेळी यंत्रावर शिवलेले स्वस्त किल्ट शेजारच्याच काचेत टांगलेले असतात. सियालकोटसारख्या गावांत बॅगपाइप आणि किल्ट यांचं मोठं काम चालतं. तिथल्या कारागिरांबद्दल माझी काही तक्रार नाही, ते ठरलेल्या किमतीत ठरलेली वस्तू बनवतात. तक्रार आहे ती ती वस्तू दुसऱ्याच नावाने विकण्याबद्दल. एका दुकानाने मला एकदा विचारलं होतं की फेल यंत्रावर टीप मारून दे, लेबल 'हॅंड-सोन' च राहील, पैसे अर्धे. मी ते काम घेतलं नाही आणि त्या दुकानाचं काम पुढे मिळालं नाही. कायदा तुम्हाला अडवेल तो इथे. पदवीवर बंधन नाही, पण वस्तूबद्दल खोटं सांगणं हा ग्राहक कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. 'हाताने शिवलेला' लिहिलंत तर तो हातानेच शिवलेला हवा.

म्हणून कार्डावर काय लिहायचं, ते सांगते. वर तुमचं नाव. खाली 'किल्ट्स, हॅंड-सोन इन ग्लासगो'. त्याखाली हवं तर लहान अक्षरात, शिवणकामाचा 11 वर्षांचा अनुभव आणि किल्टचं शिक्षण कुठे घेतलं त्याचं नाव. डोंबिवलीतली वर्षं लपवू नका; हातशिलाई जाणणाऱ्या ग्राहकाला त्याचं मोल कळतं. दुकानांकडे काम मागायला जाल तेव्हा कार्ड बाजूला राहतं, ते आधी किल्ट उलटा करतात. एक नमुन्याचा किल्ट अस्तर अर्धंच लावून ठेवा, म्हणजे कॅनव्हास, स्टीकिंग आणि कापलेला भाग उघडा दिसेल. मला पहिलं काम अशाच अर्ध्या अस्तराच्या किल्टवर मिळालं होतं.

आणि 'मास्टर'? कधीतरी दुसरी एखादी शिवणारी बाई तिच्या शिकाऊ मुलीला तुमच्याकडे पाठवेल, किंवा एखादं दुकान स्वतःला न सुटलेला किल्ट तुमच्याकडे घेऊन येईल. लोक तेव्हा तो शब्द आपसूक वापरायला लागतात. तरीही कार्डावर तो हवा का, हे तुम्ही तेव्हा ठरवा.

तुम्ही पाठवलेल्या फोटोंबद्दल शेवटचं. तिन्ही किल्ट बाहेरून सरळ दिसतात. तिसऱ्याच्या डावीकडून सातव्या आणि आठव्या निरीत पिवळी रेघ सीटच्या थोडी वर उजवीकडे झुकली आहे. बहुधा तिथे कच्चा टाका लवकर काढला गेला. पण मला आतली बाजू बघायची आहे. चौथा सुरू केलात की अस्तर लावण्याआधी थांबा, उजेडात उलटा पसरा, आणि स्टीकिंगच्या ओळीचे दोन फोटो पाठवा: एक सपाट ठेवून, दुसरा ओळीखाली बोट घालून ओढताना.